कॅसॅटच्या ‘द लेटर’चा सराव: रेषा उतरल्या, आता रंगाच्या प्लेट

1890 मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझारमधलं जपानी छापचित्रांचं प्रदर्शन अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटने पाहिलं आणि पुढच्याच वर्षी दहा रंगीत छापचित्रांचा संच मांडला. ‘द लेटर’ त्यातलंच: मेजाशी बसलेली बाई पाकीट ओठांना लावते आहे. तोंडाशी कागद धरलेल्या स्त्रिया जपानी छापचित्रकार उतामारोनेही काढल्यात. पण जपान खरा दिसतो तो आपल्याकडे कललेल्या मेजात आणि चुण्यांना न जुमानता सपाट पसरलेल्या निळ्या नक्षीत. लाकडी ठशातून सपाट रंग सहज निघतो, तांब्यावर तो कमवावा लागतो.

आमच्या सरावातली रेषेची तांब्याची प्लेट ड्रायपॉइंटने, म्हणजे सुईने थेट धातूवर ओरखडून, पूर्ण आहे. सुईमुळे कडेला उठलेली धातूची धार स्क्रेपरने काढली. ती ठेवली तर शाई मखमलीसारखी पसरते आणि चेहऱ्याची बारीक रेषा हरवते.

कॅसॅट एका चित्राला तीनपेक्षा जास्त प्लेट वापरत नसे. रेषा दुसऱ्या प्लेटवर न्यायची सोपी रीत: ताजा, ओला छाप कोऱ्या तांब्यावर पालथा ठेवून प्रेसमधून काढायचा. दोनदा उलटल्यामुळे दिशा मूळ प्लेटचीच राहते.

सगळा जीव ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे राळेच्या कणांमधून आम्लाने प्लेट खाऊन सपाट छटा काढण्यात आहे. राळेची पूड साधारण निम्मा पृष्ठभाग झाकेल इतकीच हवी. खालून ऊब देताना कण चकचकीत, पारदर्शक झाले की थांबायचं. जास्त तापली तर राळ वितळून एकसंध होते, आम्ल आत शिरत नाही आणि छापात पांढरे डाग पडतात. पूड उडत असताना मास्क हवाच, आणि ज्योत दूर. तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात प्लेट पालथी टांगावी. उताणी ठेवली तर गाळ खाचांत बसतो. आधी वेगळ्या पट्टीवर अर्धा, 1, 2, 4, 8 मिनिटांच्या छटा काढून पाहाव्यात. पोशाखाला आम्ही 4 मिनिटांची छटा निवडली.

एकाच प्लेटवर निळा आणि तपकिरी भरायला प्रत्येक रंगाची वेगळी चिंधीची बोंडी घ्यावी. पुसताना हात रंगाच्या सीमेकडून आत न्यायचा, नाहीतर निळा गढुळतो.

वेगवेगळ्या प्लेटच्या छापांची जुळणी बिघडते ती बहुतेक कागदामुळे. ओला कागद रोलरच्या दिशेने ताणतो, म्हणून तो आधी एकदा कोऱ्या प्लेटवर दाबून घ्यायचा आणि प्लेट बदलताना त्याचं एक टोक रोलरखालीच अडकवून ठेवायचं. रेषेची प्लेट शेवटी.

पुढचं काम भिंतीवरच्या कागदाची नक्षी. ती पोशाखापेक्षा फिकी राहायला हवी, म्हणून 1 मिनिटापासून सुरुवात.