संशयी कोण, संशयित कोण

इंदूरच्या मराठी घरांत 'तो फार शक्की आहे' हे वाक्य इतकं रुळलंय की ते हिंदीतून आलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बोलताना खपतं, खपू द्यावं. पण मंडळाच्या अंकासाठी हिंदी बातमीवरून मराठी मजकूर करायला बसलं, की घोळ सुरू होतात.

सगळ्यात मोठा घोळ 'संदिग्ध'चा. हिंदी बातमीतला 'संदिग्ध युवक' तसाच उचलला, तर मराठी वाचकाला कळतच नाही की त्या तरुणाचं नेमकं काय संदिग्ध आहे. मराठीत संदिग्ध असतं ते उत्तर, विधान किंवा करारातलं कलम, ज्यातून दोन अर्थ निघू शकतात. पोलिसांनी ताब्यात घेतलेला माणूस 'संशयित'. 'डेंग्यू के संदिग्ध मरीज' म्हणजे 'डेंग्यूचे संशयित रुग्ण'.

इंग्रजी 'सस्पिशस' हा एकच शब्द दोन्ही बाजूंना चालतो, मराठीत तसं चालत नाही. संशय कुणाच्या मनात आहे, एवढं आधी ठरवायचं. ज्याच्या मनात तो संशयी, ज्याच्यावर घेतला जातो तो संशयित, आणि जे पाहून संशय यावा ते संशयास्पद: हालचाली, व्यवहार, मृत्यू. 'त्याने संशयास्पद नजरेने पाहिले' हे वाक्य छापील मजकुरातही सापडतं. खरं तर त्याचा अर्थ उलटा होतो, कारण ती नजर पाहून आपल्याला संशय यायला हवा! तिथे 'संशयी नजरेने' किंवा नुसतं 'संशयाने' पुरतं. 'साशंक' याहून सौम्य. 'निकालाबद्दल साशंक' असणारा कुणावर आळ घेत नसतो, त्याला फक्त खात्री वाटत नसते.

क्रियापदांत हिंदी जास्त डोकावते. 'मला शक झाला' हे 'मुझे शक हुआ'चं सरळ मराठीकरण. मराठीत संशय 'येतो'. 'त्याच्यावर शक करते'ऐवजी 'संशय घेते'. येणं आणि घेणं यांतला फरक मोलाचा आहे: 'मला संशय आला' म्हणजे काही दिसलं, ऐकलं, म्हणून आला, 'तो संशय घेतो' म्हटलं की दोष त्याच्या स्वभावाकडे जातो. भांडणाच्या पत्रात हे क्रियापद जपून वापरावं. खुलासा झाला की संशय 'फिटतो'. बरं, नुसता 'शक' लिहिला तर मराठी वाचकाला आधी शालिवाहन आठवतो. अरबीतला तो शक मराठीत टिकलाय, पण 'बेलाशक'मध्ये: 'बेलाशक जा' म्हणजे खुशाल जा.

शंका विचारता येते, संशय विचारता येत नाही. वर्गात शंका विचारतात, सभेत एखादा उगाच शंका काढत बसतो (त्याला शंकासुर म्हणायची पद्धत आहे), आणि कुणाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतली की ती संशयाच्या जवळ पोचते. 'शंकेखोर'चंही तसंच: सारख्या शंका काढणाऱ्यालाही म्हणतात आणि बायकोवर पाळत ठेवणाऱ्यालाही. दुसऱ्या अर्थाला 'संशयी' नेमका.

'वहम'ची गंमत वेगळी. हिंदीत तो मनाचा खेळ. म्हणून इथे 'तुझा वहम आहे' म्हणजे 'तुला उगाच वाटतंय'. मराठीत त्याचाच भाऊ 'वहीम', पण त्याचा अर्थ थेट आळाकडे झुकतो: 'चोरीचा वहीम नोकरावर गेला.' तेव्हा 'मुझे वहम हुआ' मराठीत आणताना 'मला भास झाला' लिहावं. वहीम लिहिलात तर कुणावर, हे सांगावं लागेल.

कोर्टाच्या बातमीतलं 'संदेह का लाभ' म्हणजे 'संशयाचा फायदा'. इथे 'शंकेचा फायदा' रूढ नाही. 'निःसंशय' आणि 'निःशंक' दोन्ही विसर्गासह लिहायचे. पहिला विधानाला लागतो: 'हे निःसंशय खरं आहे.' दुसरा माणसाला: 'निःशंक मनाने सही केली.'