‘पक्ष नसेल तर अपक्ष लिहा’ : आचारसंहितेत दिवाळी प्रदर्शन भरवण्याचा माझा अनुभव

आचारसंहिता लागली की बचत गटांचं विक्री प्रदर्शन भरवता येत नाही, असा नियम मला आजवर कुणी कागदावर दाखवलेला नाही. तोंडी मात्र सगळ्यांनी सांगितला. २०२४ च्या दिवाळीत या तोंडी नियमापायी आमचं तालुक्याचं प्रदर्शन बुडायचंच बाकी होतं. त्या दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही. उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) प्रभाग समन्वयक, माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) केंद्रातल्या सहयोगिनी, संस्थांमध्ये उपजीविकेचं काम बघणारे कार्यकर्ते अधूनमधून फोन करून विचारतात, ‘मॅडम, तुम्ही तेव्हा कसं केलं होतं?’ म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात काम करते. आमच्या प्रभाग संघातले, म्हणजे आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या संघातले, तीसेक गट दरवर्षी दिवाळीआधी एकत्र बसून माल विकतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हा बारमाही माल. दिवाळीला त्यात चकली, शेव, अनारसे, करंजी, उटणं आणि पणत्या यांची भर पडते. अन्नपदार्थांची नोंदणी, लेबलं, गाळ्यांच्या चिठ्ठ्या, मंडपवाला यांवर इथं वेळ घालवत नाही. ते ज्याचं त्याला जमतं, आमचंही वेळेत जमलं होतं.

२४ ऑक्टोबरला गुरुवारी गुरुपुष्यामृत होतं. त्या मुहूर्तावर उद्घाटन करून रविवारपर्यंत चार दिवस प्रदर्शन, असं ठरलं होतं. जागा नगरपरिषदेचं मैदान. त्याची परवानगी सप्टेंबरातच हातात पडली होती. १५ ऑक्टोबरला, मंगळवारी दुपारी, दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला, आणि आचारसंहिता त्या क्षणापासून लागू. सरकारी जागेवरचे फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खाजगी जागेवरचे ७२ तासांत उतरवायचे असतात. आमच्या फ्लेक्सवर उद्घाटक म्हणून लोकप्रतिनिधींचे फोटो होते, ते आम्ही संध्याकाळीच स्वतः उतरवले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नियम स्पष्ट होता, आम्ही पाळला.

दुसऱ्या दिवशी मैदानाबद्दल फोन आला. ‘मॅडम, तुमचं ते स्थगित समजा.’ मी म्हटलं, लेखी द्या. ‘लेखी कशाला, कळवलं ना.’ रद्द झालं का? ‘रद्द नाही, स्थगित. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचं पत्र आणा, आम्ही लगेच देतो.’

ते पत्र आणायला मी गेले, आणि पुढचं सगळं तिथंच अडकलं.

सरकारी कामात चार दिवस इकडेतिकडे होतात, त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. त्याला बायकांचा हिशोब सांगायला हवा. १४ सप्टेंबरपासून केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर एकदम २० टक्के मूळ शुल्क बसलं. दिवाळीच्या तोंडावर डबा महागला. आमच्या गटांनी ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, कर्ज उचलून तेल, डाळ, भाजणीचं धान्य भरून ठेवलं होतं. घरात तेलाचे डबे, डोक्यावर व्याज. चकली एकदा तळली की तिचे दिवस मोजायला लागतात. प्रदर्शन होणार की नाही हे ठरल्याशिवाय कढई ठेवता येत नाही, आणि उशिरा ठेवली तर तीस गटांचा माल एका रात्रीत तळून होत नाही. आमच्या एका ज्येष्ठ आक्कांचा रोज सकाळी फोन यायचा. बाकी काही नाही, एवढंच विचारायच्या, ‘मॅडम, तळायचं कवा?’

तर ते कार्यालय. आचारसंहिता कक्ष नावाची एक खोली होती, त्यात दोन टेबलं आणि बाहेर ‘एक खिडकी’ असा कागद चिकटवलेला. सभा, मिरवणूक, ध्वनिक्षेपक, वाहन, प्रचार कार्यालय या सगळ्याच्या परवानग्या तिथून मिळायच्या. मी अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी तो वाचलाच नाही, एक छापील नमुना पुढे सरकवला. पहिला रकाना उमेदवाराचं नाव. दुसरा, पक्षाचं नाव. मी म्हटलं, आम्ही निवडणूक लढवत नाही, चिवडा विकतोय. ते शांतपणे म्हणाले, ‘नमुना भरल्याशिवाय नोंद होत नाही. पक्ष नसेल तर अपक्ष लिहा.’

मी लिहिलं नाही. आज हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. अपक्ष म्हणून आमच्या संघाच्या अध्यक्षांचं नाव तिथं नोंदलं गेलं असतं, तर प्रदर्शनाचा मंडप प्रचाराच्या खर्चात धरला असता की काय कोण जाणे. (नमुना चुकीचा असेल तर भरू नका. साधा अर्ज करा आणि तो घेतला नाही तर आवक-जावकला, म्हणजे टपालाची नोंद होते त्या टेबलावर, टाका. हे पुढे येणारच आहे, पण आत्ता आठवलं म्हणून.)

दुसऱ्या टेबलावरचे साहेब जास्त शिकलेले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, ‘महिलांचा कार्यक्रम आहे ना? मग तो लाभार्थी मेळावाच झाला.’ त्यांच्या शंकेला त्या वर्षी आधार होता, हे मान्य करते. जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झालेली, गावोगावी मेळावे झालेले, आणि बायका जमल्या म्हणजे राजकारणच, असं वातावरण. पण गाळ्यावर उभी राहून चटणी तोलणारी बाई लाभार्थी कशी? ती विक्रेती आहे. आठवडे बाजार आचारसंहितेत बंद असतो का? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘आठवडे बाजार आधीपासून चालू असतो.’ आमचंही दरवर्षी असतं, मी म्हटलं. ‘मग मागच्या वर्षीचा पुरावा जोडा.’ मी मागच्या दोन वर्षांची पत्रं आणि फोटो जोडले. त्या फोटोंत मागच्या वर्षीचे पाहुणे होते. ‘हे बघा, यात तर पुढारी आहेत,’ असं म्हणून फाईल परत.

त्यानंतर सल्ला मिळाला तो असा : प्रस्ताव तुमच्या विभागामार्फत मंत्रालयातल्या छाननी समितीकडे पाठवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही समिती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते. तिथून प्रस्ताव मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आणि पुढे गरजेप्रमाणे दिल्लीला आयोगाकडे जातो. तातडीच्या निविदा, सरकारी निर्णय, अशा गोष्टींसाठी ती व्यवस्था आहे आणि असायलाही हवी. पण शेंगाचटणीच्या पाकिटांनी तिथपर्यंत का जायचं? आणि गेली तरी परत येईपर्यंत तुळशीची लग्नं लागून गेली असती.

या सगळ्यात कुणीही ‘नाही’ म्हणालं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. नाही म्हणाले असते तर मी बायकांना सांगून मोकळी झाले असते, माल सोलापूरच्या दुकानदारांना दिला असता. रोजचं उत्तर एकच : ‘वरून मार्गदर्शन मागवलंय.’ मार्गदर्शन कुणाकडून मागवलं, कधी, त्या पत्राचा जावक क्रमांक काय, हे विचारलं की साहेब प्रशिक्षणाला गेलेले असायचे. तेही खोटं नव्हतं. मतदान केंद्रांची प्रशिक्षणं सुरू होती, आमच्यातल्या काहींनाही ड्युटी लागली होती.

२२ तारखेला उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात झाली आणि कार्यालयाच्या १०० मीटर आधीच बांबूचा अडथळा आला. उमेदवारासोबत किती गाड्या, आत किती माणसं, सगळं मोजून. तिथल्या हवालदारांनी अडवलं, ‘अर्ज भरायचाय का?’ हो, पण तो अर्ज नाही. ‘मग २९ नंतर या.’ २९ ला धनत्रयोदशी होती. मागे गुलालाच्या गाड्या, ढोल, घोषणा. आणि मी हातात फाईल घेऊन बाहेर. ज्यांच्या सभांना तासाभरात परवानगी मिळत होती त्यांचाच गुलाल माझ्या साडीवर पडला. त्या दिवशी मी घरी आल्यावर कुणाशी बोलले नाही.

सुटका झाली ती आमच्याच एका गटातल्या ताईंच्या सासऱ्यांमुळे. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. फाईल चाळून ते म्हणाले, ‘बाई, निवडणुकीत कुणी जबाबदारी अंगावर घेत नसतं. तुम्ही परवानगी मागताय, म्हणजे सही मागताय. मागूच नका. कळवा.’

एवढ्या वाक्यानं काम झालं असं नाही, कारण नगरपरिषदेच्या मैदानावर नुसतं कळवून बसता येत नाही. सरकारी जागेला परवानगी लागतेच. म्हणून जागा बदलली. मंगल कार्यालय घेतलं. इथं दिवाळीचा एक फायदा आहे जो आम्हाला आधी कधी सुचला नव्हता. चातुर्मासात, तुळशीचं लग्न लागेपर्यंत, आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे कार्यालयं रिकामी असतात. मालकांनी भाडं निम्म्यावर आणलं. वर पंखे, दिवे, पाणी, शौचालय सगळं तयार. मैदानावर महावितरणची तात्पुरती जोडणी, मंडप, रात्रीचा पहारा यांत जेवढे पैसे गेले असते, त्यापेक्षा स्वस्तच पडलं.

मग पत्र. अर्जदार प्रभाग संघाच्या अध्यक्षा. माझं किंवा कुठल्याही सरकारी पदाचं नाव नाही. विषय : ‘महिला उत्पादक गटांच्या मालाच्या विक्रीबाबत माहितीस्तव.’ मजकुरात काय करणार ते दोन ओळींत, आणि काय करणार नाही ते सविस्तर. उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत, व्यासपीठ नाही, भाषण नाही, ध्वनिक्षेपक नाही. कुठल्याही योजनेचा माहिती गाळा किंवा पत्रक नाही. सरकारी निधी नाही, भाडं संघाच्या स्वतःच्या पैशातून. फलकावर, पिशवीवर, लेबलवर कुणाचा फोटो नाही. भरारी पथकानं कधीही येऊन पाहणी आणि चित्रीकरण करावं, आमची हरकत नाही. हे शेवटचं वाक्य त्या निवृत्त काकांनी मुद्दाम घालायला लावलं.

हे पत्र मी त्या कक्षात नेलंच नाही. तहसील कचेरीच्या आवक-जावक टेबलावर दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घेतला. तशीच प्रत पोलीस ठाण्यात आणि नगरपरिषदेत. ठाण्यात ठाणे अंमलदारांनी जमावबंदीचा आदेश दाखवला, कलम १६३ चा, म्हणजे पूर्वीचं १४४. बंदिस्त जागा आहे, विक्री आहे, सभा नाही, असं समजावल्यावर त्यांनी शिक्का दिला आणि गाड्या रस्त्यावर लावू नका एवढं सांगितलं. आक्कांना मी तिथूनच फोन केला. तळा म्हणाले.

२६, २७, २८ ऑक्टोबर. शनिवार, रविवार आणि वसुबारस. भरारी पथक रविवारी कॅमेरा घेऊन आलंच. सगळे गाळे फिरून त्यांनी चित्रण केलं. एका गाळ्यामागे कार्यालयाच्या भिंतीवर पुढाऱ्याचं जुनं कॅलेंडर होतं, तेवढं उतरवायला लावलं. ते आमच्या नजरेतून सुटलं होतं. म्हणून जागा ताब्यात घेतल्यावर भिंतीसुद्धा बघा. कार्यालयाच्या मालकांचे सत्काराचे फोटो असतात, त्यावर कागद लावा. दुपारी तीनपर्यंत चकली संपली होती आणि अनारश्यांसाठी लोक नाव लिहून जात होते.

आणखी एक, हे पैशांचं आहे म्हणून नीट वाचा. निवडणुकीच्या काळात नाक्यानाक्यावर गाड्या तपासणारी स्थिर पथकं उभी असतात, आणि पन्नास हजारांच्या वरची रोकड कागदांशिवाय सापडली तर ती अडकू शकते. रात्री टेम्पोतून गावी जाणाऱ्या बायकांच्या पिशवीत तीन-चार गटांचे पैसे एकत्र असतात. आम्ही प्रत्येक गाळ्याला पावती पुस्तक दिलं, रोजच्या विक्रीवर अध्यक्षांची सही ठेवली, आणि ज्याची त्याची रोकड वेगळी बांधायला लावली. क्यूआर कोडवर जेवढं घेता येईल तेवढं घ्या, पण गावाकडची गिऱ्हाइकं नोटाच काढतात हे धरून चाला.

माझ्या पहिल्या अर्जाचं उत्तरही आलं. डिसेंबरात, टपालानं. ‘आदर्श आचारसंहिता संपुष्टात आली असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ मी ते फाईलला लावलं आहे. नवीन मुली कामावर रुजू झाल्या की दाखवते.

२०२५ ला दिवाळी लवकर आली आणि नगरपरिषदांची आचारसंहिता ४ नोव्हेंबरला लागली, त्यामुळे आम्ही वाचलो. तरीही मंगल कार्यालयच घेतलं, आणि बायकांना आता मैदान नकोच आहे. मात्र भाऊबिजेनंतर लगेच पुढच्या वर्षीचा विसार देऊन ठेवा. आमचं बघून आता इतर लोकही चातुर्मासात कार्यालयं मागायला लागलेत आणि भाडं परत वर गेलंय.

पत्राचा मसुदा कुणाला हवा असेल तर देईन. तारीख, जागा, अध्यक्षांचं नाव बदला. मजकूर तुमच्या मनाने लांबवू नका, आणि ‘परवानगी मिळावी ही विनंती’ ही शेवटची ओळ सवयीनं हातून लिहिली जाते, ती तेवढी खोडा.