अकरावीत गप्प झालेली मुलं

मराठी माध्यमातून दहावीला चांगले मार्क मिळवून आलेली मुलगी अकरावी सायन्सला बसते आणि दिवाळीपर्यंत वर्गात तिचा आवाज ऐकू येईनासा होतो. इंग्रजी वाक्य अडखळलं, मागच्या बाकावरून कुणी हसलं, की शंका विचारणं थांबतं. मग डब्याच्या सुट्टीत घोळक्यात बसणंही. तिला वाटतं, आपण इथल्या नाहीच. बाकीच्यांना वाटतं, हिलाच आपल्यात यायचं नाही.

तिला 'आत्मविश्वास ठेव' म्हणून फारसं काही होत नाही. 'हे मला जमेल' ही भावना कुठून येते, हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. नुसता धीर देण्यापेक्षा स्वतः केलेलं आणि जमलेलं काम त्यात कितीतरी बळकट ठरतं. म्हणजे तिला असं काम द्यायला हवं, ज्यावाचून इतरांचं अडेल.

त्यासाठी 'जिगसॉ' पद्धत आहे: धड्याचे तुकडे गटात वाटायचे आणि प्रत्येकाने आपला तुकडा बाकीच्यांना शिकवायचा. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली, तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी ती तयार केली.

प्रॅक्टिकलची पंचवीस जणांची बॅच घ्या. पाच-पाचांचे गट शिक्षकांनीच पाडावेत. मुलांवर सोडलं तर जुने घोळकेच पुन्हा जमतात. रक्ताभिसरणाचा धडा असेल तर गटातल्या प्रत्येकाला एकेक वेगळा भाग: रक्ताचे घटक, हृदयाची रचना, ठोक्याचं चक्र, रक्तवाहिन्या, रक्तदाब. दहा मिनिटं वाचन. मग वेगवेगळ्या गटांतले, एकच भाग मिळालेले पाचही जण एकत्र बसून तो पक्का करतात. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि सगळं तिथेच फसतं. बुजणारी मुलगी इथे आधी बोलून बघते, चुका सुधारते, मगच आपल्या गटात जाऊन शिकवते. समजावताना मराठी चालू द्यावी, संज्ञा इंग्रजीत.

शेवटी चाचणी, पण प्रत्येकाची वेगळी. गटाला मिळून मार्क दिले की हुशार मुलगा सगळं ओढून घेतो आणि अडखळणारी ओझं वाटायला लागते. एखादा फारच पुढे पुढे करत असेल तर गटप्रमुखपद रोज फिरवावं.

एका तासात काही दिसणार नाही. आठवड्यातून दोनदा, निदान सहा आठवडे करून बघा. आणि फरक मार्कांत शोधण्याआधी डब्याच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतंय ते पाहा.