डिझेल फिल्टर आणि काळा थर
आज यॉटचे डिझेल फिल्टर बदलले. प्रायमरीच्या, म्हणजे टाकी आणि इंजिनमधल्या पहिल्या फिल्टरच्या, पारदर्शक वाटीत तळाला पाणी, त्यावर काळा बुळबुळीत थर. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढणारे हे जंतू. नुसता फिल्टर बदलून ते जात नाहीत, टाकीच्या तळातलं पाणी काढावंच लागतं.

आधी कॉक, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या डिझेलची तोटी, बंद. प्रायमरीला १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर, इंजिनवरच्या दुसऱ्याला २ मायक्रॉनचा. जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघाच. दोन रिंगा एकावर एक बसल्या की इंजिन हवा ओढणार. नव्या रिंगला डिझेल चोळून, प्रायमरी स्वच्छ डिझेलने भरून झाकण हातानेच आवळायचं. मग कॉक उघडून, ब्लीड स्क्रूतून (हवा बाहेर काढायचा स्क्रू) बुडबुडे थांबेपर्यंत डिझेलचा हँडपंप मारायचा.