मुका खांब, एक साखळी, एक सोडून

मागच्या रविवारी कोल्हापूरला आले. बॅग उघडली तेव्हा आईनं चॉकलेटांकडे बघितलंसुद्धा नाही, कारण मी विणलेलं ब्लँकेट आधी तिच्या हाताला लागलं होतं. उलट केलं, सुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवत नेला आणि म्हणाली, "मागावरचं वाटतंय की गं हे. क्रोशा आहे व्हय?"

क्रोशाच आहे. आणि किनार सोडली तर त्यात साखळी आणि मुका खांब हे दोन साधे टाके, एवढंच आहे. तुमच्या आईला किंवा आजीला तोरण करता येत असेल तर हे ब्लँकेट तिला आजच येतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आयर्लंडमधल्या कॉर्कला आम्ही राहायला गेलो त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडायचा, बारीक पाऊस थांबायचं नाव घ्यायचा नाही आणि माझ्या हाताला काही काम नव्हतं. जवळच्या वाचनालयात गुरुवारी सकाळी विणणाऱ्या बायका जमतात असं कळलं, म्हणून गेले. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी फार काही न विचारता माझ्या हातात सुई आणि लोकरीचा गुंडा दिला. सुई साडेपाच मिलिमीटरची, पेनाएवढी जाड. आईची सुई मला आठवत होती ती पोलादी, एवढी बारीक की टोकाचा हूक उजेडाला धरून बघावा लागायचा. जाड सुईवर टाका नीट दिसतो, चुकला तरी लगेच कळतो. नवीन शिकणारीनं तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

या ब्लँकेटच्या टाक्याला तिकडे मॉस म्हणतात, म्हणजे शेवाळ. कुणी लिनन म्हणतं, कुणी ग्रॅनाइट. करायचं असं: साखळ्या सम संख्येत घालायच्या. मी 140 घातल्या, मीटरभर रुंदी आली. साखळी सैल हवी, नाहीतर खालची कड आवळते आणि ब्लँकेट पिशवीसारखं दिसायला लागतं. हात घट्ट असेल तर फक्त साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्या. मग सुईपासून चौथ्या साखळीत मुका खांब. त्यानंतर एक साखळी, खालची एक सोडायची, पुढचीत मुका खांब. ओळ संपेपर्यंत हेच. ओळ संपली की दोन साखळ्या घालून काम फिरवायचं आणि आता मुका खांब घालायचा तो खालच्या ओळीतल्या साखळीखालच्या फटीत. एक मुका खांब, एक साखळी, पुढच्या फटीत मुका खांब. टाक्याचं तोंड शोधत बसावं लागत नाही, सुई आपोआप फटीत जाते. गप्पा मारत, टीव्ही बघत करता येतं. खांब खालच्या फटीत बसत गेल्यामुळे वीण दाट होते, मोठी भोकं पडत नाहीत. आईला मागावरचं वाटलं ते त्यामुळेच.

जपायची जागा एकच, ओळीचा शेवट. शेवटचा मुका खांब वळणाच्या दोन साखळ्यांच्या फटीत घालायचा असतो आणि ती फट कडेला दडून बसते. माझ्याकडून ती सुटत गेली. वीसेक ओळींनंतर अंथरून बघितलं तर वरची बाजू खालच्यापेक्षा चार बोटं अरुंद. सगळं उसवलं. आजींनी मग त्या फटीत रंगीत दोऱ्याची गाठ मारून ठेवायला शिकवलं. दर ओळीला गाठ वर सरकवायची. तेव्हापासून कड सरळ आहे.

दुसऱ्यांदा उसवावं लागलं ते नावांमुळे. आयर्लंडमध्ये ब्रिटिश नावं चालतात. तिथल्या बायका ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच अमेरिकन लोक सिंगल म्हणतात. अमेरिकन डबल म्हणजे आपला पूर्ण खांब, मुक्यापेक्षा उंच टाका, तो आयर्लंडमध्ये ट्रेबल. मी किनारीसाठी एक अमेरिकन नमुना घेतला आणि 'डबल' वाचून सगळीकडे मुके खांब घातले. किनार निम्म्या उंचीची झाली. नमुन्यात 'सिंगल' हा शब्द दिसला की तो अमेरिकन समजा, ब्रिटिश नावांत सिंगल चालत नाही. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मुका खांब म्हटलं की झालं. दोरा आधी सुईवर घ्यायचा नाही, ठेंगणा राहतो, म्हणून मुका." इतकी वर्षं हा शब्द कानावर होता, पण त्याचा असा अर्थ लावून मी कधी ऐकला नव्हता.

मग मी तिला कॉर्कची गोष्ट सांगितली. 1845 पासून तिकडे बटाट्यावर रोग पडला, मोठा दुष्काळ आला. त्या काळात कॉर्कच्या ख्रिस्ती जोगिणींनी मठांतून मुलीबाळींना क्रोशाची लेस शिकवली. वर उत्तरेला क्लोन्स गावात 1847 मध्ये तिथल्या धर्मगुरूच्या बायकोनं हेच काम उभं केलं. लेस विकून घरात अन्न यायचं. आई ऐकत होती, हात थांबले होते. मी शाळेत असताना ती पेठेतल्या लग्नांच्या रुखवतासाठी तोरणं, रुमाल, बाळाच्या कुंच्या करून द्यायची. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातून आले आहेत. "मग काय, तिकडंबी तसंच," एवढंच म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

कारण सोमवारीच तिनं स्वतःचं ब्लँकेट सुरू केलं होतं. कोल्हापूरच्या थंडीला लोकर नको, अंगाला टोचते, म्हणून महाद्वार रोडवरून जाड सुती दोरा आणला. सुती ब्लँकेट धुतल्यावर जड होतं, उभं टांगलं तर ओघळतं, आडवं वाळवावं लागतं, तेवढं लक्षात ठेवायचं. रंगाचा नियम आईनं वाकळेवरून घेतलाय: उरलेलं आधी संपवायचं. दर ओळीला रंग बदलला की वरचा रंग खालच्याच्या फटीतून डोकावतो, ठिपके उठतात, आणि जोडाला पट्टा ठळक दिसत नाही. लहान-लहान उरलेले गुंडे खपवायला याच्यासारखा टाका नाही.

काल रात्री मी झोपायला गेले तेव्हा ती सोप्यात बसून विणत होती. सकाळी मोजलं तर 31 ओळी झाल्या होत्या, दोन्ही कडांना लाल दोऱ्याची गाठ होती आणि पांढरा गुंडा संपला होता. आता दुकान उघडायची वाट बघतोय.