पाठीमागची बाजू दाखवता का?

माझ्या संग्रहातल्या सगळ्यात लाडक्या पत्राला भोक आहे. वाळवीचं नव्हे, कुणीतरी कात्रीने नीट बेतून कापलेला लांबट चौकोन. पत्र इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं, एकाच कागदावर पाठपोट लिहिलेलं. विषय अगदी किरकोळ: उसनं नेलेलं पुस्तक परत पाठवतोय, उशीर झाला. शेवटी जिथे ‘जे. एस. मिल’ असायला हवं, तिथून माझं बोट आरपार जातं.

एकोणिसाव्या शतकात हा उद्योग सर्रास चालायचा. सह्यांचे आल्बम भरायची हौस. पत्र आलं की सही कापायची, चिकटवायची, उरलेलं फेकायचं. माझं पत्र कसं बचावलं कोण जाणे. सही नाही म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं, म्हणूनच ते माझ्यापर्यंत आलं. मग कित्येक संध्याकाळी मी भिंग घेऊन त्यातली अक्षरं मिलच्या इतर पत्रांच्या छायाचित्रांशी ताडत बसलो. माझी खात्री पटली आहे. पण सहीवाल्या पत्राइतकी किंमत त्याला कधी येणार नाही.

भिंगाची सवय फसल्यावर लागली. माझी पहिली खरेदी म्हणजे डार्विनचं पत्र, जे घरी आल्यावर छापील प्रतिकृती निघालं. खऱ्या लेखणीची रेघ दाबली की रुंदावते, उचलताना बारीक होते आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद दिसते. माझ्या ‘डार्विन’ची शाई सगळीकडे सारखीच सपाट होती. एवढं साधं कसं दिसलं नाही म्हणाल, तर मला बघायचंच नव्हतं.

असं न बघणारा मी एकटा नाही, एवढाच दिलासा. मिशेल शाल हा फ्रान्समधला नावाजलेला भूमितिज्ञ. १८६०च्या दशकात व्रँ-ल्युका नावाच्या भामट्याने त्याला हजारो बनावट पत्रं विकली. त्यातल्या काही पत्रांवरून गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी फ्रेंच गणिती पास्कालने मांडला असं दिसत होतं. शालने १८६७ साली ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवलीसुद्धा. पास्काल वारला तेव्हा न्यूटन १९ वर्षांचा होता, हे लोकांनी दाखवून दिलं तरी गडी हटेना. पुढे उघड झालं की त्याच गठ्ठ्यात क्लिओपात्राने सीझरला धाडलेलं पत्रही होतं. तेही फ्रेंचमध्ये! १८७० साली व्रँ-ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली.

मी आता आधी कागद बघतो, मग शाई, आणि नाव सगळ्यात शेवटी. त्या काळची लोहयुक्त शाई ओक झाडावरच्या गाठी आणि हिराकस यांची. लिहिताना फिकट, हवा लागली की काळी, आणि वर्षं गेली की तपकिरी. ती कागदात मुरते, कधीकधी कागद खातेही. जुन्या कागदावरची खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा लेप, उतरलेली असते, त्यामुळे त्यावर आज लिहायला गेलात तर शाई केसाळ पसरते. घडीवरून गेलेलं अक्षर घडीत झिरपलेलं दिसलं की समजायचं, कागद आधी दुमडला आणि लिहिणं नंतर झालं.

भोकवालं पत्र मी आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, अंधारात ठेवतो. लॅमिनेशनचा सल्ला देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त पाकीट आत नेऊन ठेवतो.

सही गेल्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते सहीच्या मागच्या मजकुराचं. पहिल्या बाजूवर मिल त्या पुस्तकातल्या एका प्रकरणावर आक्षेप घ्यायला लागतो आणि वाक्याच्या मधोमध भोकात पडतो. भोकापलीकडे उरलेत ते ओळींचे शेवटचे एक-दोन शब्द.

म्हणून कुठेही मिलची कापलेली सही विकायला आली की मी विक्रेत्याला एकच विचारतो: पाठीमागचा फोटो पाठवता का? बहुतेकांच्या मागे आल्बमचा डिंक आणि जाड पुठ्ठा असतो. एकदा दोन ओळी निघाल्या. मी मोजपट्टी लावली. चौकोन अर्धा सेंटिमीटर मोठा होता.