वाड्यात भरलेल्या शाळा

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या शाळांचा इतिहास चाळला की बहुतेक शाळांनी पहिली वर्षं दुसऱ्याच्या घरात काढलेली दिसतात. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने स्वतःला राहायला बांधला. पेशवाई बुडाली आणि १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर-टिळकांचं न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं तेही मोरोबादादांच्या वाड्यात. १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींनी काढलेल्या मुलींच्या हायस्कूलला पुढे जागा मिळाली ती पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची. आज लक्ष्मी रोडवरून जाताना हुजूरपागेच्या पाटीकडे बघून कुणाला घोडे आठवत नाहीत, हे त्या शाळेचं यश म्हणायचं.

आमचीही शाळा वाड्यातलीच. वाडा राहण्यासाठी बांधलेला, त्यामुळे शिकण्यासाठी तो सगळ्याच बाजूंनी गैरसोयीचा, आणि ती गैरसोयच आमच्या खरी लक्षात राहिली. मोठा दरवाजा प्रार्थनेची घंटा झाली की बंद. मग उशिरा येणाऱ्याने दिंडीतून वाकून आत यायचं. पाठीवर दप्तर असल्याने ते हमखास वर अडकायचं आणि पलीकडे शिपाईमामा उभे. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. त्यावर मामांचा हातोडा पडला की खालच्या चौकातली कबुतरं एकदम उडायची.

वरच्या दिवाणखान्याचे लाकडी पार्टिशन घालून तीन वर्ग केले होते. पार्टिशन छतापर्यंत पोचलेलंच नव्हतं. त्यामुळे आमचा गणिताचा तास चालू असताना शेजारी आठवीतल्या कविता चालीत चालायच्या. आठवीत गेलो तेव्हा त्या मला आधीच पाठ होत्या; गणित मात्र तेवढं पक्कं झालं नाही. माडीवर उड्या मारायला सक्त मनाई, कारण खाली मुख्याध्यापकांच्या टेबलावर माती पडायची. शाळेला मैदान कुठून असणार? कवायत चौकात व्हायची. तीही वर्ग आळीपाळीने, कारण सगळ्यांनी एकदम हात पसरले तर भिंतीलाच लागायचे.

जिन्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या बरीच वर एक आडवी काळपट रेघ होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाच्या पाण्याची. नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे किती वाडे तेव्हा बसले! आमचा कसा टिकला याचं कारण इतिहासाचे सर दर वर्षी नवं सांगत. कधी सागवान, कधी चुना, कधी पेशव्यांची पुण्याई.

अशा इमारती राखायच्या तर त्यात शाळा चालू असतानाच राखायला हव्यात, असं मला वाटतं. पोरं धावत असतात तोवर कुणीतरी कौलं फिरवतं, गळकी पन्हळ बदलतं. एकदा माणसं उठून गेली की उरते ती कोर्टकचेरी. भिडे वाड्याचंच बघा. जागा राष्ट्रीय महत्त्वाची यावर कुणाचाच वाद नव्हता, पण भाडेकरू आणि महापालिका यांच्यातला खटला सर्वोच्च न्यायालयात २०२३ च्या नोव्हेंबरात संपला, तोवर वाड्याचा सांगाडा उरला होता. डिसेंबरात तो रातोरात पाडला. स्मारक व्हायलाच हवं, फक्त ज्या खोलीत त्या मुली बसल्या ती आता कुणालाच दाखवता येणार नाही.

आमची शाळाही पाडली. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, प्रत्येक वर्गाला चौथी भिंत आहे. जुन्या वाड्याचा धड एक फोटो कुणाकडे निघेना. दर वर्षी वर्गाचा फोटो काढला जायचा, पण त्यात पुढे खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे बाकांवर आम्ही, आणि कोपऱ्यात चुकून आलेला खांब. त्या खांबांवरून आमच्या बॅचने व्हॉट्सॲपवर वाड्याचा नकाशा काढायला घेतला. चित्रकलेचा वर्ग कुठे यावर दोन तट पडले. आड कुठे होता हे एकीने अचूक सांगितलं, कारण तिची चप्पल त्यात पडली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीला दारं किती, हे अजून ठरायचंय. हुशार मुलं एकच म्हणतात. माझ्या मते दोन: एकातून बोलावणं यायचं आणि दुसऱ्यातून हात चोळत बाहेर.